बेंगरूळचे बालपण : सतराव्या शतकातील मुले आणि त्यांची साधने

कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७ साली जिंजी येथे शिवचरित्र सिद्ध केले. त्यात बंगळूरचा उल्लेख ‘बेंगरूळ’ असा येतो. पुणे परगण्याचा कारभारी दादाजी कोंडदेव हा शहाजीराजांच्या भेटीस बेंगरुळास गेला, त्याच्यासमवेत जिजाबाई आणि शिवाजीराजे गेले, त्या समयी राजांचे वय बारा वर्षांचे होते, आणि पुढे शहाजीराजांनी त्यांची पुण्यास रवानगी केली, एवढाच सभासदाचा वृत्तान्त आहे. मुलगा बंगळुरात किती दिवस राहिला, कोणाबरोबर खेळला, कोणती भाषा ऐकत होता, हे सांगण्याचे सभासदाला कारण पडले नाही. त्याच्या दृष्टीने बारा वर्षांचा मुलगा ही एका राज्याची पूर्वतयारी होती. सतराव्या शतकातील दख्खनी मुलांचे जीवन अभ्यासू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती अशी. मुलांविषयी लिहिणारे सर्व प्रौढ आहेत, आणि त्यांना मुलाच्या पुढील कर्तृत्वाची आधीच माहिती आहे.

बंगळूरची जहागीर भोसले घराण्याकडे आली त्या प्रसंगाच्या मागेही एक मूल आहे, आणि त्याची आठवण क्वचितच केली जाते. निजामशाही बुडू लागली तेव्हा शहाजीराजांनी राजवंशातील मुर्तझा नावाच्या एका बालकाला गादीवर बसवून तिचा कारभार सुमारे तीन वर्षे चालविला. १६३६ साली माहुलीच्या वेढ्यानंतर हा बालसुलतान मोगलांच्या स्वाधीन करावा लागला. त्याची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली, आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत आले. १६३८ साली रणदुल्लाखानाबरोबरच्या कर्नाटक मोहिमेत केम्पेगौडा घराण्याकडून बंगळूरचा किल्ला घेतला गेला. पुढे बंगळूर, कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा प्रदेश शहाजीराजांच्या जहागिरीत मोडू लागला. ग्वाल्हेरच्या बंदिवासात गेलेल्या त्या मुलाच्या नावावर तीन वर्षे फर्माने निघत होती, पण त्याच्या स्वतःच्या तोंडचा एकही शब्द इतिहासाला ठाऊक नाही. बालराजा हे राज्यकारभारातील एक साधन होते. त्याला बालपण होते की नाही, हा प्रश्न त्या काळच्या कोणत्याही तवारीखकाराला पडलेला नाही.

सभासदाने दिलेला बारा हा आकडा निरुपद्रवी वाटतो, पण शिवजन्माच्या तिथीच्या वादात त्याला महत्त्व आहे. बखरींच्या परंपरेत आणि ग्रँट डफच्या इतिहासात जन्मवर्ष १६२७ धरलेले होते. शके गणनेने चालणाऱ्या जेधे शकावलीचे प्रकाशन लोकमान्य टिळकांनी १९१६ साली केले. तिच्यातील फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी पुढे शिवभारताच्या आधाराने दृढ झाली. वाद झाला तो उत्सवाच्या तारखेवरून. मुलाच्या जीवनाच्या दृष्टीने त्याचा परिणाम मात्र वेगळाच आहे. जन्म १६२७ चा धरल्यास बारावे वर्ष १६३९ च्या सुमारास सरते. बंगळूर हाती येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेले असणार, आणि मुलाचा कर्नाटकातील वास ही एक धावती भेट ठरते. जन्म १६३० चा धरल्यास बारावे वर्ष १६४२ पर्यंत जाते, आणि दोन-तीन वर्षांच्या वास्तव्याला जागा होते. दहा-अकराव्या वर्षी परक्या मुलखात काढलेली दोन वर्षे आणि पाहुणा म्हणून काढलेले दोन महिने यांत मुलाच्या घडणीच्या दृष्टीने किती अंतर आहे, हे सांगण्यास मानसशास्त्राची गरज नाही.

दुसरे साधन ‘शिवभारत’. नेवाशाच्या कवींद्र परमानंदाने महाराजांच्या आज्ञेवरून रचलेले हे संस्कृत महाकाव्य तंजावरच्या हस्तलिखितावरून सदाशिव महादेव दिवेकर यांनी संपादिले आणि १९२७ साली ते पुण्यात प्रसिद्ध झाले. कवी समकालीन असल्याने त्याच्या साक्षीचे मोल मोठे आहे. परमानंदाचा बाल शिवाजी बंगळुरास भेटीला जात नाही, तो पित्याजवळ वाढतो. सात वर्षांचा झाल्यावर पिता त्याला लिपी शिकण्यास योग्य समजतो आणि समवयस्क मंत्रिपुत्रांसह गुरूच्या स्वाधीन करतो. त्यानंतर श्रुति, स्मृति, पुराणे, राजनीती, धनुर्वेद, अश्वपरीक्षा अशा विद्यांची दीर्घ यादी येते. बाराव्या वर्षी शहाजीराजांना स्वप्नात शंकराचा आदेश होतो आणि मुलगा हत्ती, घोडे, मंत्री व अध्यापक यांच्यासह पुण्याकडे निघतो.

या वर्णनातील किती भाग मुलाचा आणि किती काव्यशास्त्राचा? सातवे वर्ष सरते १६३७ मध्ये. बंगळूर मिळाले १६३८ मध्ये. परमानंद मात्र बंगळूरच्या विजयानंतर लिपिग्रहणाचा प्रसंग योजतो. कालक्रमाने हे जमत नाही. समवयस्क मंत्रिपुत्रांसह लिपी शिकणारा राजपुत्र संस्कृतज्ञ वाचकाला पूर्वी भेटलेला आहे. कालिदासाच्या रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात रघू अशाच सोबत्यांसह लिपीच्या वाटेने वाङ्मयात प्रवेश करतो. शैशवाची वर्णने कृष्णाच्या बाललीलांच्या वळणाने जातात. ‘सात’ हा आकडा पाहून त्या वर्षी अमुक घडले असे मांडणारे चरित्रकार काव्याच्या संकेताला दप्तराची नोंद समजतात. तथापि हा संकेत आहे म्हणून तो निरर्थक ठरविणे हीही घाईच होय. संकेत सांगतो की सतराव्या शतकातील एका दख्खनी दरबाराला राजपुत्राचे बालपण कसे असावे असे वाटत होते. मुलगा एकटा शिकत नाही, मुलांच्या घोळक्यात शिकतो; शस्त्र आणि शास्त्र यांची सुरुवात एकाच वयात होते; आणि बाराव्या वर्षी घर सुटते. सभासद व परमानंद यांच्यात भेट की वास्तव्य याबाबत मतभेद आहे, पण ‘बारा’ या वयावर दोघांचे एकमत आहे. दोन भिन्न परंपरांतील लेखक जेथे जुळतात तेथे बहुधा स्मृतीचा गाभा असतो.

युरोपात बालपणाच्या इतिहासाची चर्चा फिलिप आरिएस यांच्या १९६० च्या फ्रेंच ग्रंथाने सुरू झाली. बालपण ही स्वतंत्र अवस्था असल्याची जाणीव मध्ययुगीन समाजाला नव्हती, ती पुढील शतकांत घडत गेली, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यासाठी त्यांनी वापरलेले एक प्रमुख साधन म्हणजे फ्रान्सचा युवराज, पुढील तेरावा लुई, याच्या वैद्याची रोजनिशी. ज्याँ एरोआर या वैद्याने १६०१ साली मूल जन्मल्यापासून १६२८ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्याचे खाणे, झोप, आजार, खेळ आणि बोबडे बोल जवळजवळ रोज टिपून ठेवले. बोबडे उच्चारही त्याने जसेच्या तसे लिहिले. लुई आणि शिवाजीराजे यांच्या वयात तीन दशकांचेही अंतर नाही, दोघेही राजपदाला पोचले, पण एकाचे बोबडे बोल शिल्लक आहेत आणि दुसऱ्याची विद्यांची यादी. यावरून फ्रेंचांना मूल दिसत होते आणि मराठ्यांना दिसत नव्हते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि चुकीचे आहे. एरोआरला शरीराची चिंता होती, कारण ते वैद्याचे काम होते. परमानंदाला वंशाची चिंता होती, कारण ते पुराणकाराचे काम होते. फरक पडला तो लेखनप्रकारामुळे. आरिएस यांच्यावर लिंडा पोलॉक यांनी १९८३ साली हाच आक्षेप वेगळ्या मार्गाने घेतला. रोजनिशा आणि आत्मवृत्ते तपासल्यावर पालकांच्या मायेचे चित्र फारसे पालटत गेलेले दिसत नाही, असे त्यांनी दाखविले. तौलनिक अभ्यासात दोन समाजांची तुलना करण्याआधी दोन वाङ्मयप्रकारांची तुलना करावी लागते, ती अशी.

बंगळूरच्या वाड्यातील भाषिक वातावरणाचा पुरावा जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त सापडतो. वि. का. राजवाडे यांनी दीर्घ प्रस्तावनेसह हा ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध केला. शहाजीराजांच्या औदार्याची कीर्ती ऐकून बंगळुरास आलेल्या या कवीने त्यांच्यापुढे बारा नारळ ठेवले, बारा भाषांत कविता करता येते याची ती खूण. पुढे दरबारातील मंडळींनी समस्या घालाव्यात आणि कवीने त्या पुऱ्या कराव्यात, असा खेळ रंगतो. संस्कृत, प्राकृत, मराठी, कानडी, यावनी, हिंदुस्थानी, ग्वाल्हेरी अशी भाषांची वर्दळ तेथे आहे. चंपू १६५० नंतरच्या दशकातील असल्यामुळे बाल शिवाजीच्या वेळची ही मैफल नव्हे. परंतु या दरबाराच्या अंगणात शहाजीराजांचा धाकटा मुलगा एकोजी वाढला, हे निश्चित. एकोजीच्या बालपणाविषयी कोणी महाकाव्य लिहिले नाही, त्याच्या गुरूवरून कोणी वाद घातला नाही. तरी त्याच्या बंगळुरी घडणीचा एक दगडी पुरावा आज मल्लेश्वरम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात काडु मल्लेश्वराच्या देवळाशी आहे. १६६९ चा तो दानलेख मल्लपुराच्या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देतो, आणि तो कानडीत आहे. दानलेख कारकून लिहितो हे खरे; तथापि ज्या भूमीत धनी वाढला त्या भूमीच्या भाषेत त्याचे दान बोलते, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. एकोजीने १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. त्याचा मुलगा शहाजी १६८४ साली कोवळ्या वयात तेथील गादीवर आला आणि पुढे त्याने ‘पंचभाषाविलास’ नावाचे पाच भाषांतील नाटक रचले. आजोबांच्या बंगळूर दरबारातील बारा नारळांची आठवण येथे सहज होते.

या घराण्यात एका पित्याची मुले दोन वेगळ्या जगांत वाढली. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराज आणि एकोजी यांची भेट झाली, पित्याच्या जहागिरीतील वाट्यावरून बोलणी फिसकटली, आणि प्रकरण लढाईपर्यंत गेले. राजकीय इतिहासात हा वारसाहक्काचा तंटा म्हणून येतो, आणि तो तसा आहेही. पण सह्याद्रीच्या खोऱ्यात आईजवळ वाढलेला एक आणि कावेरीच्या वाटेवरील बहुभाषी जहागिरीत वडिलांजवळ वाढलेला दुसरा, यांच्या राज्यकल्पना इतक्या भिन्न का, याचे उत्तर केवळ कागदपत्रांतील अटींत शोधल्यास अपुरे राहते.

बालपण संपते कधी? आजच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारात १९८९ च्या बालहक्क संहितेने अठरा वर्षांची रेषा आखली, भारताने ती १९९२ साली मान्य केली. या रेषेने पाहिले तर २८ जानेवारी १६४६ चे रांझ्याच्या पाटलाच्या शिक्षेचे पत्र एका बालकाचे ठरते. शिवाजीराजे तेव्हा सोळा वर्षांचेही पूर्ण नव्हते. एका स्त्रीशी केलेल्या बदअमलाबद्दल पाटलाचे हातपाय तोडण्याचा निर्णय त्या पत्रात आहे. धर्मशास्त्राच्या रेषेने पाहिले तर नेमके उलटे घडते. क्षत्रियाचे उपनयन अकराव्या वर्षी व्हावे असा सामान्य नियम. शिवाजी महाराजांची मुंज झाली २९ मे १६७४ रोजी, राज्याभिषेकाच्या आठ दिवस आधी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षानंतर. आणि मुंज झाल्यावर पूर्वीच्या विवाहांचेही समंत्रक संस्कार पुन्हा करावे लागले. शास्त्राच्या हिशेबाने ब्रह्मचर्याचा उंबरठा ओलांडण्याआधीच मुलाने लग्ने केली होती, किल्ले घेतले होते आणि त्याला मुलेबाळे झाली होती. वयाची गणना जगात कोठेही केवळ वर्षांनी होत नाही. बंगळूरच्या वाड्यातील ‘बारा वर्षे’ हे जबाबदारीचे वय होते, शास्त्राचे नव्हे आणि कायद्याचेही नव्हे.

शिवाजी महाराजांच्या बालपणावर मराठीत शाई थोडी खर्च झालेली नाही, पण ती कोठे खर्च झाली हे पाहण्यासारखे आहे. दादोजी कोंडदेव गुरू होते की केवळ कारभारी, या प्रश्नाने विसाव्या शतकाचा उत्तरार्ध गाजला, आणि २०१० च्या डिसेंबरात पुण्याच्या लाल महालातून त्यांचा पुतळा महापालिकेने हलविला. समकालीन कागदांत दादोजी आदिलशाहीचे कोंडाण्याचे सुभेदार आणि शहाजीराजांचे मुतालिक म्हणून दिसतात; त्यांचा मृत्यू १६४७ चा. वाद महत्त्वाचा आहे, कारण ब्राह्मण गुरूच्या कथेखाली जिजाबाई आणि शहाजीराजे यांचे कर्तृत्व दीर्घकाळ झाकले गेले होते. पण दोन्ही बाजूंचे लेखन वाचल्यावर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. दोन्हीकडे मूल हा मातीचा गोळा आहे आणि भांडण आहे ते कुंभाराच्या जातीचे. मुलाचे सोबती, मुलाने ऐकलेल्या भाषा, पुणे-बंगळूर हा प्रवास, मोठ्या भावाचा सहवास, यांकडे कोणाचेच लक्ष नाही. थोरले संभाजीराजे तर मराठी वाचकाला भेटतात ते एकदम कनकगिरीच्या वेढ्यात, मृत्यूच्या क्षणी.

उत्तरकालीन बखरींनी हीच उणीव कथांनी भरून काढली. विजापूरच्या दरबारात बालकाने मुजरा नाकारला, गोवधावरून कसायाला शासन केले, अशा कथा चिटणीस बखर आणि तिच्या आसपासच्या लेखनात येतात. हे लेखन एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीचे, म्हणजे प्रसंगानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी झालेले. त्या कथा शिवाजीच्या बालपणाचे साधन नव्हेत. पेशवाईच्या अखेरीस मराठी घरांत मुलांना काय सांगितले जात होते, याचे त्या उत्तम साधन आहेत.

त्याच काळातील एका मुलीने मात्र स्वतःचे बालपण स्वतः सांगितले आहे. संत बहिणाबाईचा जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. शिवजन्माहून दोन वर्षे आधीचा. आत्मनिवेदनपर अभंगांत ती सांगते की अगदी लहान वयात तिशीतल्या एका बिजवराशी तिचे लग्न झाले, भाऊबंदकीच्या तंट्यातून कुटुंबाला देवगाव सोडावे लागले, आणि वणवण करीत सर्वजण कोल्हापुरास आले. कोल्हापुरात घरी आलेल्या कपिला गाईचे वासरू या मुलीचा सोबती झाले. कीर्तनाला जातानाही ते मागे येई. ते वासरू मेले, मुलगी निचेष्टित पडली, आणि त्या अवस्थेत तिला तुकोबांचे दर्शन झाले. संतचरित्राच्या वाचकाला यात साक्षात्कार दिसतो. बालपणाच्या अभ्यासकाला त्याआधीचे दिसते : नवऱ्याच्या मारझोडीत आणि मुक्कामामागून मुक्काम बदलणाऱ्या संसारात अडकलेल्या मुलीला प्रेम करण्यासाठी एक वासरू मिळाले होते. राजपुत्राच्या विद्यांच्या यादीत एकही प्राणी नावाने येत नाही, अश्वपरीक्षा येते. बहिणाबाईने हे प्रौढपणी रचले, तेही भक्तीच्या चौकटीत, म्हणून तेही निखळ बालवाणी नव्हे. तरीही दख्खनच्या सतराव्या शतकात मुलीचे आयुष्य आतून दाखविणारे असे दुसरे मराठी लेखन सहजी सापडणार नाही. १६३० च्या दुष्काळात हजारो मुले दगावली, तुकोबांच्या घरचे मूलही गेले. त्या पिढीतून वाचलेल्या एका मुलीची ही साक्ष आहे.

तिच्याजवळ ठेवावा असा एकच ग्रंथ उत्तरेत आहे. बनारसीदास या जैन व्यापाऱ्याने १६४१ साली, म्हणजे शिवाजीराजे बहुधा बंगळुरात असताना, आग्र्यास ‘अर्धकथानक’ हे आत्मवृत्त पुरे केले. आठव्या वर्षीची अक्षरओळख, देवीचा आजार, कोवळ्या वयातले लग्न, आणि फार शिकणे हे ब्राह्मण-भाटांचे काम, वाण्याच्या मुलाने दुकान पाहावे हा वडीलधाऱ्यांचा उपदेश, हे सर्व तो खेळकरपणे सांगतो. व्यापाऱ्याचा मुलगा, ब्राह्मणाची मुलगी आणि जहागीरदाराचा मुलगा, तिघेही एका अर्धशतकात जन्मलेले. पण पहिल्या दोघांना ‘मी’ म्हणता आले. तिसऱ्याची कीर्ती एवढी मोठी झाली की त्याच्या बालपणावर त्याचा स्वतःचा अधिकार उरला नाही.

बंगळूर १६८७ साली मोगलांच्या हाती पडले आणि लवकरच म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. भोसल्यांची बंगळुरी शाखा तोवर तंजावरी झाली होती. या शाखेतील एका मुलाविषयी मात्र कागदांची टंचाई नाही. दुसरे सरफोजी, जन्म १७७७, दहाव्या वर्षी तुळजाराजांनी दत्तक घेतले आणि काही दिवसांतच पोरके झाले. चुलत्याच्या ताब्यात त्यांची आबाळ होऊ लागली, तेव्हा जर्मन मिशनरी श्वार्त्झ यांनी त्यांच्या शिक्षणाचा भार घेतला. १७९३ साली हा मुलगा मद्रासेस हलविला गेला आणि तेथे गेरिके यांच्या देखरेखीखाली शिकला. मिशनऱ्यांची पत्रे, कंपनीची दप्तरे, मोडी कागद, सर्वत्र त्याची नोंद आहे. येथे परमानंदाच्या जागी श्वार्त्झ आला. मुलाची हेळसांड, त्याचा अभ्यास, त्याचे आरोग्य यांविषयी तो तपशिलाने लिहितो, आणि लिहिताना मुलाच्या वारसाहक्काचा दावाही कंपनीपुढे मांडतो. तपशील वाढला, पण मुलाविषयीचे लेखन राज्याच्या प्रश्नापासून येथेही सुटले नाही. सरफोजी १७९८ साली गादीवर आल्यावर त्यांनी शाळा काढल्या, छापखाना घातला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापनीतीचे मराठी रूपांतर ‘बालबोधमुक्तावली’ तेथे छापले गेले. मूल वाचक आहे असे गृहीत धरणाऱ्या मराठी छापील पुस्तकांत ते अगदी पहिल्यांपैकी होय, आणि ते पुण्यात नव्हे तर तमिळ प्रदेशात निघाले.

श्वार्त्झ यांच्या स्मरणार्थ सरफोजींनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करविलेले संगमरवरी शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवरील गुरूचा हात राजाने हातात घेतलेला आहे, मागे गेरिके उभे आहेत. शय्येच्या कडेला शाळेतील तीन मुले कोरली आहेत. त्यांची नावे शिल्पावर नाहीत.